पर्यायी मार्गाचा वापर करावा

पुलाकडे जाताना डावीकडचं शेवटचं वळण मागे पडलं, की दोनशे मीटरवर डोक्यावर पिवळी अक्षरं पेटतात : ‘पुढे वाहतूक कोंडी आहे. पर्यायी मार्गाचा वापर करावा.’ तिथे डावीकडे बंद पडलेल्या गिरणीची सलग भिंत आहे. उजवीकडे कमरेएवढा दुभाजक, दुभाजकावर जाळी आणि जाळीला टेकून पालिकेची कण्हेर. मागे बस, बसमागे डंपर. पुढे कोंडी आहेच. त्या बाबतीत फलक शब्दाला जागतो. राहता राहिली वरची दिशा, आणि तिथे फलक आहे.

सार्वजनिक पाट्यांवर विश्वास ठेवायची सवय आपल्याला उरलेली नाही. ‘काम प्रगतिपथावर’ लिहिलेल्या पाटीखाली बारा महिने कुत्री झोपतात. ‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी तर कचरा नेमका कुठे टाकायचा हे कळावं म्हणूनच लावतात. अशा शहरात एक फलक असा निघाला, जो सकाळ-संध्याकाळ खरं बोलतो. फक्त उशिरा बोलतो. बैल गेल्यावर झोपा करणाऱ्याला आपण पिढ्यानपिढ्या हसलो, पण त्याने निदान पुढच्या बैलाची सोय केली होती. आमच्या फलकासमोर रोज नवा बैल येतो आणि रोज त्याला कळतं, की दार मागे राहिलं.

खरं तर या फलकांचं शास्त्र अवघड नाही. जिथे माणसाला दोन रस्त्यांतून एक निवडायचा असतो, त्या जागेच्या अलीकडे तो उभा करायचा. किती अलीकडे, हा हिशेब पाचवीतलं पोरही करील. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. दोन ओळी वाचायला चार सेकंद, ‘मग स्टेशनच्या मागून जाऊ या का?’ हे शेजारच्या सीटशी ठरवायला चार, आरशात बघून डाव्या बाजूला यायला आणखी चार. झाले १३२ मीटर. थोडे वरखर्चाला धरा आणि दोनशे मीटरवर खांब रोवा. आमच्याकडे अंतर बरोबर घेतलंय, दोनशे मीटर, टेपने मोजून. दिशा तेवढी चुकली.

का चुकली, याचीही चौकशी केली. वळणाच्या अलीकडे वीज नव्हती. डीपी पलीकडे आहे, आणि केबल रस्त्याखालून न्यायची तर खोदाईची परवानगी लागते. ती या शहरात रस्ता खोदणाऱ्या कुणाकडेच नसते, पण फलकवाल्यांनी ती मागायचा भाबडेपणा केला. शिवाय अलीकडच्या जागेत एक लोखंडी सांगाडा आहे. त्यावर वर्षभर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो, आणि भावी नेतृत्वाच्या हसऱ्या चेहऱ्यासमोर खांब येणं बरं दिसलं नसतं. निविदेत तर ‘फलक, खांबासह, एक नग, पुलाचा रस्ता’ एवढंच होतं. नग एक बसला. रस्ता पुलाचाच. बिल निघालं. मी एका साहेबांपुढे वळणाचा विषय काढला तर ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘फलकाचं काम माहिती देणं. तिचा उपयोग करणं हे नागरिकांचं काम.’’ मग नागरिकांनी आधी इथवर चालत येऊन फलक वाचावा आणि घरी परत जाऊन गाडी काढावी काय, हे जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. ‘टप्पा दोनमध्ये घेतो’ म्हणाले असते.

आता हा फलक वाचणाऱ्यांचं काय होतं ते बघा. गावातला माणूस वाचत नाही, त्याला तो पाठ आहे. पण परगावची गाडी आली, की चालक आज्ञाधारकपणे ब्रेक दाबतो आणि पर्यायी मार्ग शोधू लागतो. आधी भिंतीकडे बघतो. मग दुभाजकाकडे. मग बायकोकडे, जणू मार्ग तिच्या पर्समध्ये राहिलाय. एवढ्यात अक्षरं बदलतात, कारण फलकाला पानं आहेत. दुसऱ्या पानावर तापमान ३४ अंश. तिसऱ्यावर आर्द्रता. चौथ्यावर ‘वाहन चालवताना लक्ष विचलित होऊ देऊ नका’, आणि हे वाचायला चालकाने मान काचेतून जवळजवळ बाहेर काढलेली असते. पाचव्यावर शहराला कुठलासा पुरस्कार मिळाल्याबद्दल शहराने स्वतःचंच केलेलं अभिनंदन. मार्ग सहाव्या पानावर असेल या आशेने गाडी थांबते, तिच्यामागची थांबते, हॉर्न सुरू होतात, एक दुचाकीवाला गाडी आणि भिंत यांच्यातल्या वीतभर फटीत चाक घालतो आणि तिथेच अडकतो. सहावं पान म्हणजे पुन्हा पहिलं पान. यातली खरी कमाल मात्र खांबावर आहे. फलकाच्या पोटाखाली एक कॅमेरा बसवलाय. कोंडी आहे की नाही हे तो ठरवतो, आणि ठरवतो ते आपल्याच पायाशी असलेल्या गाड्यांच्या वेगावरून. पुलावर काय चाललंय ते त्याला दिसत नाही, पूल चढापलीकडे आहे. तेव्हा फलक सांगतो कोंडी आहे, ते वाचायला गाड्या थांबतात, गाड्या थांबल्या म्हणून कॅमेरा कळवतो कोंडी आहे, कॅमेऱ्याने कळवलं म्हणून फलक सांगतो कोंडी आहे. परवा मध्यरात्री पूल रिकामा, रस्ता रिकामा आणि एक रिक्षावाला फलकाखाली रिक्षा लावून मागच्या सीटवर पाय बाहेर काढून झोपला होता. वरची पिवळी अक्षरं पहाटेपर्यंत त्याच्या झोपेची बातमी शहराला देत होती.

या फलकाचं माहेर म्हणजे कंट्रोल रूम. उद्घाटनाच्या दिवशी आम्हा वर्तमानपत्रवाल्यांना आत नेलं होतं. भिंतभर पडदे, हुडहुडी भरवणारा एसी, गोल फिरणाऱ्या खुर्च्या आणि प्रत्येकाला काजूकतलीचा लहान डबा. सिग्नल आता ‘ॲडॅप्टिव्ह’ झालेत, असं सांगितलं गेलं. ज्या बाजूला रांग लांब, तिकडे हिरवा जास्त वेळ. रांग संपली की लगेच लाल. कल्पना उत्तम आहे आणि जगात बऱ्याच ठिकाणी ती चालते. ती चालायला सिग्नलला गाड्या दिसाव्या लागतात. त्यासाठी डांबराखाली तारेचं वेटोळं पुरतात. वरून लोखंडी धूड गेलं, की वेटोळ्यातल्या विजेत फरक पडतो आणि चौकातल्या पेटीला कळतं, गाडी आली. आता तार डांबराखाली आणि डांबर आमच्या शहरात, हे ज्याने ठरवलं त्याने पाणीपुरवठा विभागाचं नाव ऐकलेलं नसावं. वेटोळ्यावरचं डांबर थंड होतंय तोवर पाइपलाइनवाले आले, त्यांच्यामागून गॅसवाले, त्यांच्यामागून इंटरनेटवाले. तार तुटली की सिग्नल आंधळा होतो आणि कुणीतरी कधीकाळी भरून ठेवलेल्या ठरावीक सेकंदांवर चालू लागतो. म्हणजे पूर्वी चालायचा तसाच. फक्त आता त्याला ‘फॉलबॅक मोड’ म्हणतात आणि त्याचा वार्षिक देखभाल करार असतो.

लोकांना याचं काही वाटलं नाही. लोक चिडले ते टायमरवरून. सिग्नल रांग बघून निर्णय घेणार असेल, तर हिरवा किती सेकंद राहणार हे त्यालाच आधी ठाऊक नसतं, त्यामुळे उलटे आकडे दाखवणारा टायमर ठेवता येत नाही. म्हणून टायमर काढले. त्यावर ओरड झाली, कारण इंजिन कधी बंद करायचं आणि लाल असतानाच तीन सेकंद आधी कसं सुटायचं, हे जनतेला त्या आकड्यांवरूनच कळायचं. म्हणून टायमर परत लावले. आता ते ४२, ४१, ४० असे शहाण्यासारखे उतरतात, तिथून एकदम ११ वर उडी मारतात, ५ वर येऊन बराच वेळ विचार करतात आणि कधीकधी ५ वरून पुन्हा १९ वर चढतात. समोरच शाळा आहे. पहिलीच्या वर्गातल्या बाईंची मला काळजी वाटते.

हे सगळं दुपारचं झालं. संध्याकाळी सहा वाजले, की हवालदारमामा चौकातली लोखंडी पेटी किल्लीने उघडतात, सिग्नल ‘मॅन्युअल’वर टाकतात आणि शिट्टी घेऊन मध्ये उभे राहतात. रहदारी नसते तेव्हा संगणक, असते तेव्हा मामा, अशी ड्यूटी लागलेली आहे. लंडनमध्ये १८६८ च्या डिसेंबरात जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला, तो गॅसवर जळायचा आणि खाली उभा राहून एक पोलीस तो हाताने चालवायचा. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट झाला आणि पोलीस भाजला. तेव्हापासून तंत्रज्ञान पुष्कळ पुढे गेलंय. सिग्नल आता फुटत नाही. पोलीस तिथेच आहे, आणि भाजतोही, पण उन्हाने.

कंट्रोल रूममधल्या एका पडद्यावर तक्ता होता. काजूकतली खाताना मी तो वाचला, आणि तेव्हापासून मला या विषयावर नीट विनोद करता आलेला नाही. रस्त्यावरची गर्दी मोजायचं एक माप असतं, पीसीयू, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. मोटार म्हणजे १. दुचाकी अर्धी. बस २.२. हातगाडी २, कारण ती हळू चालते आणि वाट अडवते. कुणाचं प्रमाण किती यावर हे आकडे वरखाली होतात, पण मोजदाद अशी. रस्त्याची किती जागा कोण खातं हे काढायला माप ठीक आहे, त्यावरून खुशाल रस्त्याची रुंदी ठरवा. पण हिरवा दिवा कुणाला द्यायचा हेही त्याच मापाने ठरवायला लागलात, की साठ माणसांनी भरलेली बस म्हणजे दोन मोटारी आणि वर एक तुकडा. त्या दोन मोटारींत दोनच माणसं, आणि दोघंही फोनवर. मग चालणारा माणूस किती? मी त्याला तक्त्यात शोधला. सायकल होती. ट्रॅक्टर-ट्रॉली होती. टांगा होता! या शहरात टांग्यात बसलेली माणसं आता निवृत्तिवेतन घेऊन कंटाळली, तरी टांग्याची जागा राखून ठेवलीय. चालणाऱ्याला जागाच नाही. त्याचा आकडा शून्य.

आणि शून्याला वागवतातही तसंच. पुलाच्या चौकात रस्ता २४ मीटर रुंद आहे. रस्ता ओलांडणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे. म्हणजे ठणठणीत माणसाला २० सेकंद हवेत. आमच्याकडे पादचाऱ्यांचा हिरवा पेटतो आठ सेकंद. आठ सेकंदांत होतात ९.६ मीटर. दुभाजक १२ मीटरवर. हिरवा पडताच झेब्र्यावर पाऊल टाकलेला, आयुष्यात एकही नियम न मोडलेला माणूस लाल पडताना दुभाजकाच्या तीन-चार पावलं अलीकडे, बरोबर डंपरच्या तोंडासमोर उभा असतो. पलीकडे सरकारी दवाखाना आहे. तिथे गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या जातात, दिवस भरलेल्या बायका जातात, तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेऊन आया जातात. यांच्यातली कोण सेकंदाला १.२ मीटर चालणार? कुणी मोजलं? गाड्यांच्या रांगा मोजायला डांबरात तारा पुरल्या, भिंतभर पडदे लावले, आणि म्हातारीला किती सेकंद लागतात हे हातातल्या घड्याळावर बघायला एक माणूस सापडला नाही. खांबावर बटण आहे, ‘दाबा व थांबा’ लिहिलेलं. लोक दाबतात. लोक थांबतात. बटणामागे तार नाही. झाकण निघालेलंच आहे. आत डोकावून बघा, गुटख्याच्या पुड्या आहेत. यंत्राला दिसत नाही असंही म्हणायची सोय नाही, कारण शेजारच्याच खांबावरच्या कॅमेऱ्याला हेल्मेट नसलेलं डोकं आणि चिखलाने भरलेली नंबर प्लेट रात्रीच्या पावसातसुद्धा दिसते आणि दंडाचा मेसेज माणूस घरी पोचायच्या आत येतो. ज्यातून पावती फाटते तेवढं लख्ख दिसतं. झेब्र्यावर चढून उभी राहिलेली मोठी गाडी, तिच्यापुढून जीव मुठीत धरून जाणारं पोर, हे मात्र त्या भिंतीएवढ्या पडद्यावर कधी उमटत नाही. आणि ही माणसं चौकापर्यंत येणार कशी, तर पदपथावरून. पदपथ निदान १.८ मीटर मोकळा असावा असं मानक सांगतं. आता आमच्या त्या सत्यवचनी फलकाचे दोन पाय कुठे रोवलेत, ओळखा. सिमेंटचे हे एवढाले ओटे, पदपथाच्या बरोबर मध्ये. म्हातारी तिथवर येते, पिशवी काखेत मारते, खाली रस्त्यावर उतरते आणि थांबलेल्या गाड्यांच्या आरशांना चुकवत पुढे जाते. त्या फलकाने आजवर खरोखर कुणाला पर्यायी मार्ग वापरायला लावला असेल, तर त्या म्हातारीला.

बसथांब्यावरच्या पाटीबद्दल फार बोलत नाही. बसमध्ये जीपीएस असतं, बस कुठे आहे ते दर काही सेकंदांनी कळतं, त्यावरून पाटी हिशेब करते, सगळं बरोबर. ‘३ मिनिटे’ हे दोन शब्द लोक पंधरा मिनिटं वाचतात. मग ते नाहीसे होतात आणि पुढच्या बसची वेळ येते, कारण पाटीच्या मते आधीची बस येऊन गेलेली असते. ‘‘गेली ती कुठून गेली?’’ असं एका आजोबांनी मला विचारलं. मी वर बघितलं. चौकातल्या कर्ण्यातून एक गोड आवाज सांगत होता, की सार्वजनिक वाहतुकीचा अवलंब करा, प्रदूषण टाळा.

वाहतुकीची माहिती देणारी एक यंत्रणा मात्र या शहरात वर्षानुवर्षं बिनचूक चालत होती. ती होती त्याच डाव्या वळणाच्या तोंडाशी, आणि अलीकडे. चहाची टपरी. पुलावरून परतणारे रिक्षावाले आणि वडापवाले तिथे कटिंगला थांबायचे, त्यामुळे पुलावरची ताजी हालहवाल मालकाला स्टोव्हसमोरून न हलता मिळायची. पूल तुंबलेला असला की तो गाळणी खांबाला अडकवायचा. मोकळा असला की किटली. जाणकार गाडीवाले दुरूनच गाळणी बघून डावीकडे वळायचे. नवख्यांना टपरीवरची मंडळी हात करून सांगायची, आणि स्टेशनच्या मागच्या गल्लीत टँकर उभा असेल तर तेही सांगायची, जे कुठल्याही मोबाईलच्या नकाशात नसतं. नकाशा गल्ली मोकळी म्हणून शंभर गाड्या एकदम आत पाठवतो. टपरीवाला दहा गाड्या वळल्या की गाळणी काढून ठेवायचा, गल्ली थोडी ओसरली की पुन्हा अडकवायचा. याला वाहतूक अभियंते काय म्हणतात ते साहेबांना विचारून बघा; शब्द मोठा आहे आणि त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो.

टप्पा दोनच्या पाहणीत ही टपरी सापडली. नोटिशीत लिहिलं होतं, की सदर टपरीजवळ वाहने मंदावतात व चालक विचारपूस करतात, सबब वाहतुकीस अडथळा होतो. म्हणजे चालक माहिती घेतात हाच गुन्हा. पण पालिका काही निर्दय नाही. टपरीला पर्यायी जागा दिली : फलकाखाली, सिमेंटच्या दोन ओट्यांच्या मधल्या फटीत. पदपथ तिथे तसाही कुणी वापरत नाही, अशी नोंद फाइलमध्ये आहे.

फलक उचलून वळणाच्या अलीकडे न्यावा असा अर्ज आम्ही काही जणांनी केलाय. सह्या घ्यायला परवा टपरीवरही गेलो. धंदा जोरात होता. अडकलेल्या गाड्यांच्या खिडक्यांतून हात बाहेर येत होते आणि पोरगा ट्रे घेऊन लेनमधून पळत होता; बसमधली गिऱ्हाइकं तर खालीच उतरली होती. मालकाने आम्हाला बसायला स्टूल दिलं, स्पेशल पाजला, पैसे घेतले नाहीत. अर्ज सावकाश वाचला, घडी घालून परत केला. सही काही केली नाही. म्हणाला, ‘‘फलक अलीकडं गेला तर गिऱ्हाईक वळंल ना, साहेब.’’